खानेसुमारी : गावाने स्वतःला मोजणे



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांना वर्गात पाहिलेले लोक आता थोडेच उरले आहेत. मी त्यांतला एक. याच शाळेत मी पाटी घेऊन आलो, पुढे काही वर्षे याच राजपुऱ्यात शिक्षकी केली आणि मग महाविद्यालयात मराठी शिकवता शिकवता निवृत्त झालो. अशा माणसाने कविता-कादंबरीवर बोलावे ही आपली अपेक्षा रास्तच आहे. परंतु निमंत्रण आले तेव्हा मला आठवली ती गुरुजींची लांबोडकी वही. मे महिन्याच्या अखेरीस, उन्हे उतरल्यावर, ती वही बगलेत मारून गुरुजी राजपुऱ्याच्या गल्ल्या पालथ्या घालीत. कोणत्या घरात कोणते मूल सहा वर्षांचे झाले, कोणत्या घरातून कोणती मुलगी मधूनच शाळा सोडून घरी बसली, कोणते कुटुंब यंदा नव्याने राहायला आले, याची नोंद त्या वहीत होत असे. हुकूम नव्हता, भत्ता तर नव्हताच. ती वही म्हणजे मी आयुष्यात पाहिलेली पहिली खानेसुमारी. आजचे व्याख्यान त्या वहीविषयी आहे असे समजा. वाटेत मुंबई, काशी आणि बदलापूर लागेल, तेवढे सोसून घ्यावे.

आरंभ शब्दापासून करतो, कारण त्याखेरीज मला दुसरे काही येत नाही. आज आपण ‘जनगणना’ म्हणतो. आमच्या लहानपणी म्हातारी माणसे ‘शिरगणती’ म्हणत. शेजारच्या मोमीन बंधूंच्या घरी तीच गोष्ट ‘मर्दुमशुमारी’ होई. जुन्या मराठी दफ्तरांचा शब्द मात्र ‘खानेसुमारी’. खाना म्हणजे घर आणि शुमार म्हणजे मोजदाद. दोन्ही शब्द फारसीतून आलेले. एक शब्द घरे मोजतो, दुसरा माणसे मोजतो, तिसरा शिरे मोजतो. राज्यकर्त्यांना कराशी कर्तव्य होते आणि कर घरावर बसे. म्हणून घर मोजले की काम भागत असे. घरात माणसे किती, त्यांत बायका किती, मुले किती, याची पृच्छा करण्याचे कारण नव्हते. सतराव्या शतकात मारवाडच्या मुहणोत नैणसीने परगण्यांची जी ‘विगत’ सिद्ध केली, तिच्यातही गावोगावच्या घरांची जातवार मोजणी आहे, ती घरांचीच.

या ‘शुमार’चे मराठीत पुढे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. ‘बेसुमार’ म्हणजे मोजता येणार नाही इतके. ‘सुमारे’ म्हणजे अदमासे. आणि नुसते ‘सुमार’ म्हणजे बेताच्या प्रतीचे! मोजणीच्याच शब्दातून आपण ‘अंदाजे’ हा अर्थ काढला, आणि तेवढ्याने समाधान न होऊन ‘हलके’ हाही अर्थ काढला. भाषा माणसाचा स्वभाव सांगते म्हणतात. येथे तिने आपला स्वभाव जरा जास्तच स्पष्टपणे सांगितला आहे.

आपल्या बऱ्हाणपुराचेच घ्या. इसवी सन १४०० च्या सुमारास नासिरखान फारुकीने सूफी संत बुऱ्हाणुद्दीन यांच्या नावाने हे शहर वसवले. १६०१ मध्ये असीरगड पडला आणि मोगलांच्या दख्खनच्या कारभाराची सूत्रे येथून हलू लागली. सर टॉमस रो १६१५ मध्ये येथे आला, शाहजादा परवेजला भेटला, आणि शहर बहुतेक मातीच्या घरांचे आहे अशी कुरकुर करून पुढे गेला. याच सुमारास अब्दुर्रहीम खानखानाच्या अमदानीत सातपुड्याच्या पायथ्याचे पाणी भुयारातून, कुंडीमागून कुंडी जोडीत शहरात आणले गेले. तो कुंडी भंडारा आपण शाळेच्या सहलीत पाहिला आहे. पाण्याची योजना आखणाऱ्याच्या मनात माणसांचा काहीएक आकडा असलाच पाहिजे. पण तो मनातच राहिला.

याहून मनाला लागणारी गोष्ट १६३० ते १६३२ च्या दुष्काळाची आहे. गुजरात आणि दख्खन होरपळून निघाला. शाहजहान तेव्हा बऱ्हाणपुरातच तळ देऊन होता. मुमताजमहल १६३१ मध्ये येथेच वारली हे आपण सारे जाणतो. बादशहाने लंगर उघडले, आणि दर सोमवारी पाच हजार रुपये गरिबांना वाटावेत असा हुकूम केला. दरबारी बखरीत सोमवार आहे, रुपये आहेत, एकूण लाखाचा हिशेब आहे. किती तोंडांत घास पडला आणि किती माणसे ताप्तीच्या काठाने मरून पडली, ही मोजदाद नाही. पैसा मोजला गेला, माणूस मोजला गेला नाही. बादशहाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. त्या काळात माणसे मोजण्याची रीतच नव्हती. पण त्यामुळे त्या दुष्काळात आपल्या गावाचे किती गेले, हा प्रश्न आता कायमचा अनुत्तरित राहिला आहे.

शिंद्यांकडून हा मुलूख १८६० च्या तहाने इंग्रजांकडे गेला, निमाड जिल्हा मध्यप्रांतात सामील झाला आणि रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत १८६६ साली मध्यप्रांताची पहिली मनुष्यगणना झाली. अखिल हिंदुस्थानच्या पहिल्या गणनेचा प्रयत्न १८७२ चा, आणि एकाच वेळी सर्वत्र झालेली गणना १८८१ ची. म्हणजे आपला प्रांत देशाच्या आधी मोजला गेला. १९०१ साली बऱ्हाणपूरची वस्ती ३३,३४१ भरली. २०११ साली ती २,१०,८८६ होती. एकशे दहा वर्षांत सहापटीहून अधिक.

पण हे झाले सरकारने मोजणे. माझा विषय आहे गावाने मोजणे, आणि त्याचे उत्तम उदाहरण मुंबई. सतराव्या शतकात मुंबईच्या वस्तीचा अंदाज साठ हजार केला जाई. १८४९ च्या गणनेत ती ५,६६,११९ निघाली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस विलायतेत जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या ऐन भरात, १८६४ साली, आरोग्याच्या कामासाठी डॉ. लीथ यांच्या देखरेखीखाली शहराची गणना झाली आणि आकडा आला ८,१६,५६२. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि १८७२ च्या गणनेत वस्ती ६,४४,४०५ वर आली. ही दोन्ही माणसांची मोजणी आहे. पण मला ती कापसाच्या भावाची नाडीपरीक्षा वाटते.

खरा मौजेचा, आणि शोचनीयही, प्रसंग त्यानंतरचा. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी ग्रंथिक संनिपाताचा, म्हणजे प्लेगचा, पहिला रोगी ओळखला. लोक गाव सोडून पळू लागले. त्या पळापळीला साडेचार वर्षे होत आली तोच १ मार्च १९०१ ची सरकारी गणना आली. तेव्हा साथ ऐन जोरात होती. कोकण आणि देशावर गेलेली माणसे परतली नव्हती. जी होती त्यांतली कित्येक, कोणी दारावर आले की प्लेगवालेच आले असे समजून लपत. आकडा भरला ७,७६,००६. दहा वर्षांपूर्वीच्या ८,२१,७६४ हूनही कमी. आता नगरपालिकेच्या आरोग्य खात्याची पंचाईत पाहा. दर हजारी मृत्यू किती, हे काढायचे तर मृत्यूंना वस्तीने भागावे लागते. मेलेल्यांची नोंद स्मशानात आणि कबरस्तानात बऱ्यापैकी होत होती. जिवंतांची नोंद मात्र पळून गेलेल्या शहराची होती. समजा, एका वर्षात पन्नास हजार माणसे दगावली. ७,७६,००६ ने भागले तर हजारी चौसष्ट येतात. वस्ती मुळात दोन लाखांनी अधिक असेल तर हजारी एक्कावन्न. साथ हटते आहे की वाढते आहे, गटारे बांधल्याचा काही उपयोग झाला की नाही, कोणत्या पेठेत अधिक लक्ष द्यावे, हे सारे त्या खालच्या आकड्यावर अवलंबून. पुढच्या सरकारी गणनेला तर अजून पाच वर्षे होती.

म्हणून १९०६ साली मुंबई नगरपालिकेच्या आरोग्य खात्याने, डॉ. टर्नर आरोग्याधिकारी असताना, शहराची स्वतंत्र गणना केली. वस्ती निघाली ९,७७,८२२. पाच वर्षांपूर्वीच्या आकड्याहून २,०१,८१६ अधिक! एवढी माणसे पाच वर्षांत जन्माला आलेली नव्हती; बरीचशी परत आलेली होती, काही नव्याने गिरण्यांत आलेली. पाच वर्षांनी, १९११ च्या सरकारी गणनेत, मुंबई ९,७९,४४५ भरली. त्या वेळीही शहरात प्लेग होता आणि माणसे बाहेर गेली होती, म्हणून दोन आकडे अगदी शेजारी बसले यावरून भलते निष्कर्ष काढू नयेत. पण नगरपालिकेची मोजणी वाऱ्यावरची नव्हती, इतके खास.

मुंबईच्या आधी काशीला असा प्रकार झाला होता. तेथील कोतवालाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शहराची वस्ती पाच लाखांच्या वर सांगितली होती, आणि काशीची थोरवी पाहता ती कोणाला खोटीही वाटत नव्हती. पुढे तेथल्या टाकसाळीत जेम्स प्रिन्सेप नावाचा तरुण अधिकारी आला. ब्राह्मी लिपीचे कोडे सोडवणारा तोच हा प्रिन्सेप. त्याने १८२८ च्या सुमारास मोहल्ल्यामोहल्ल्याने घरे मोजविली, माणसे मोजविली, तेव्हा ती दोन लाखांच्या आतच निघाली. कलकत्त्यानेही १८६६ आणि १८७६ साली आपली स्वतंत्र गणना केली. ते असो.

मराठीत या कामाला वाङ्मयाचे रूप देणारा गृहस्थ म्हणजे नारायण गोविंद चापेकर. न्यायखात्यातून निवृत्त होऊन ते बदलापुरास राहिले, आणि १९३३ साली त्यांनी आपल्या गावावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. घरे किती, जाती कोणत्या, धंदे काय, सण कोणते, बोलण्यात शब्द कोणते, असे सारे गाव त्यांनी कागदावर मांडले. पुढच्याच वर्षी, १९३४ मध्ये, बडोद्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. माझ्या विद्यार्थ्यांना हा ग्रंथ मी आग्रहाने वाचायला लावी आणि त्यांतले काही जण ‘सर, यात साहित्य कुठे आहे?’ असे विचारीत. मी त्यांना म्हणे, शेजाऱ्याच्या घरात भांडी किती हे ज्याला ठाऊक नाही, त्याने कादंबरी लिहिण्याच्या भानगडीत पडू नये. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेमार्फत पुणे शहराची जी पाहणी केली, तिचे दोन खंड १९४५ आणि १९५२ साली निघाले. ती घरटी मोजणी नव्हती, नमुन्याची पाहणी होती; पण एका शहराने आपल्याच माणसांकरवी स्वतःकडे पाहण्याचा तो प्रयत्न होता.

येथे कोणी म्हणेल, लोकांना मोजून घेणे आवडते कोठे? आवडत नाही हे खरेच. माझी आई आम्हा भावंडांना पंगतीत मोजू देत नसे. दृष्ट लागते म्हणे. १९३१ साली राष्ट्रसभेने तर गणनेवर बहिष्कारच पुकारला होता, आणि तोही समजण्यासारखा होता. ज्या सरकारचा कायदा मानायचा नाही, त्याच्या वहीत नाव तरी कशाला लिहवावे? माणूस मोजणाऱ्याचा हेतू पाहतो. गुरुजींना राजपुऱ्यात कोणी दार लावून घेतले नाही, कारण ते कशासाठी आले आहेत हे घराघराला ठाऊक होते.

आता एक कबुली. १९८१ च्या जनगणनेत मी प्रगणक होतो. आजूबाजूच्या गल्ल्या माझ्याकडे आल्या होत्या. दारावर गेरूने क्रमांक घातलेले, बगलेत चिठ्ठ्यांचा गठ्ठा, आणि शाळा सांभाळून उरलेल्या वेळात काम. प्रत्येक माणसाची एक चिठ्ठी. तीत मातृभाषेचा रकाना होता, आणि सूचना स्पष्ट होती : प्रत्येकाची मातृभाषा स्वतंत्रपणे विचारावी, एकाच्या उत्तरावरून दुसऱ्याची गृहीत धरू नये. एका घरात अकरा माणसे होती. घरातला कर्ता ओट्यावर बसला होता. त्याने सांगितले, ‘हिंदी लिहा मास्तर, सगळ्यांची. पुढे मुलांना नोकरीत बरे पडते.’ दिवेलागण झाली होती, अजून चार घरे राहिली होती. मी अकरा चिठ्ठ्यांवर हिंदी लिहिले. उठताना आतून म्हातारीचा आवाज आला, ‘अगं, मास्तरांना पानी तरी दे गं कोनी!’ मी पाणी प्यालो. चिठ्ठ्या परत उघडल्या नाहीत.

पुढे मी मराठीचा प्राध्यापक झालो. सीमेवरच्या मराठीचा ऱ्हास या विषयावर परिसंवादांत बोललो, टाळ्या घेतल्या. मराठी शाळांचे वर्ग का मिटतात, याची कारणे सांगताना मी शासनाला बोल लावला, पालकांना लावला, दूरदर्शनला लावला. त्या अकरा चिठ्ठ्यांविषयी आजपर्यंत कोठे बोललो नव्हतो.

भाषेच्या रकान्याचे आणखीही एक दुखणे आहे. चिठ्ठीवर माणूस जे सांगतो ते वरच्या कचेरीत गटांत बसवले जाते. कोणी ‘निमाडी’ सांगितली तर ती हिंदीखाली जाते. कोणी ‘अहिराणी’ सांगितली तर ती मराठीखाली न जाता खानदेशी या निराळ्या नावाखाली जाते. आमच्या या गावात एकच बाई सुनेशी अहिराणीत, भाजीवालीशी निमाडीत, वाण्याशी हिंदीत आणि देवाशी मराठीत बोलते. तिचा रकाना कोणता? विद्वानांनी याचे उत्तर खुशाल द्यावे. माझे म्हणणे एवढेच की, निदान तिला विचारावे तरी.

सद्यःस्थितीकडे वळतो. २०११ नंतर देशात जनगणना झालेली नाही. २०२१ ची करोनाच्या साथीमुळे पुढे गेली, आणि १६ जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील गणनेची संदर्भ-तिथी १ मार्च २०२७ ठरवण्यात आली. तीत जातीचीही नोंद व्हायची आहे. मधल्या काळाचा अर्थ नीट ध्यानात घ्या. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना जे घटनात्मक स्थान दिले, त्यात ‘लोकसंख्या’ या शब्दाची व्याख्याच मुळी ‘लगतपूर्वीच्या जनगणनेचे प्रसिद्ध झालेले आकडे’ अशी आहे. म्हणजे नगरपालिकेने उद्या स्वतः दारोदार फिरून अचूक मोजणी केली, तरी प्रभागांच्या जागा तिच्यावरून ठरणार नाहीत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यातील धान्याचा वाटाही २०११ च्याच आकड्यांवर आखला गेला. या सभागृहात पुढच्या सतरंजीवर बसलेली मुले २०११ नंतर जन्मलेली आहेत. बाळांनो, तुम्ही उंचीने माझ्या खांद्याला लागलात. पण कोणत्याही जनगणनेत तुम्ही अजून जन्मलेला नाही!

मग स्थानिक मोजणीचा उपयोग काय? जागा वाटण्यासाठी नाही. गावाला स्वतःचे ठाऊक असावे यासाठी. १९९६ साली आपल्या राज्यात लोकसंपर्क अभियान झाले. शिक्षक, पंच आणि गावकरी घरोघर फिरले आणि कोणते मूल शाळेत नाही याच्या नोंदी तयार झाल्या. त्यावरून १९९७ मध्ये शिक्षण हमी योजना निघाली. नाव मोठे आणि कागद छापील, एवढे सोडले तर ती गुरुजींचीच वही होती.

आणि आपल्या गावात मोजण्यासारखे काय नाही? यंत्रमागाच्या कारखान्यांत पाळी संपल्यावर तेथेच अंग टाकणारे कामगार आहेत. त्यांचे घर कोणते म्हणावे? केळीच्या हंगामात घड उतरवायला येणारी आणि हंगाम सरला की रावेर-यावलकडे जाणारी कुटुंबे आहेत. त्यांची मुले इकडच्या पटावरही नसतात आणि तिकडच्याही. दोन शाळांमधल्या रस्त्यावर ती मोठी होतात. दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या प्रगणकाला ती दिसली तर दिसली.

शाळेपुढे माझी एक सूचना आहे, आणि मुख्याध्यापकांनी ती मान्य केली आहे म्हणूनच मी ती येथे मांडतो. नववी-अकरावीच्या मुलामुलींनी या हिवाळ्यात राजपुऱ्याची घरटी नोंद करावी. जात विचारू नये, उत्पन्न विचारू नये, कोणाचा कोणताही क्रमांक मागू नये. घरात माणसे किती, शाळेत जाणारी किती आणि न जाणारी किती, कामासाठी बाहेरगावी किती, आणि प्रत्येकाची घरातली बोली कोणती, एवढेच विचारावे. ज्याला सांगायचे नसेल त्याच्या घरावर रेघ मारून पुढे जावे. वह्या शाळेतच कुलपात राहाव्यात. मुलांनी दोघादोघांनी जावे, त्यांत एक मुलगी असावी. म्हणजे आतल्या घराचे उत्तर आतल्या घराकडून मिळेल, ओट्यावरून नाही.

वह्या मी आणल्या आहेत, लांबोडक्याच आहेत. मातृभाषेचा रकाना रुंद आखून घेतला आहे. एका माणसाने तीन बोली सांगितल्या तर तिन्ही मावतील. ते अकरा माणसांचे घर आता दुमजली झाले आहे. म्हातारी केव्हाच गेली. त्या वेळी पाणी घेऊन आलेली मुलगी सासरी आहे, पण तिचा धाकटा भाऊ तेथेच राहतो आणि त्याची नात याच शाळेत चौथीत आहे. पहिल्या दिवशी त्या दारी मुलांबरोबर मी येईन. गुडघे साथ देत नाहीत, तेव्हा वरच्या मजल्यावर मात्र मुलांनीच जावे.